तारापूरचे दुसरे नाव: गुंगी आणणाऱ्या एका गोळीचा इतिहास (थ्रेड)

तारापूर म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांपुढे १७३९ सालची वसईची मोहीम उभी राहते. चिमाजी अप्पांची फौज, किल्ल्याचा तट आणि त्या वेढ्यात कामी आलेले बाजी भीवराव. या थ्रेडचा विषय मात्र त्याच नावाचे दुसरे तारापूर आहे. ते किल्ल्याच्या गावात नसून बोईसरजवळ सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या गावांच्या जमिनीवर वसले आहे. एमआयडीसीच्या या तारापुरात औषधांची मूळ रसायने तयार होतात. त्याच परिसरातला कामगार रात्रपाळीला जाताना नाक वाहू लागले, तर औषधाच्या दुकानात जाऊन ‘सर्दीची गोळी’ मागतो.

दुकानदार पाकिटातल्या दोन-चार गोळ्या कात्रीने कापून देतो. पाकिटाचा उरलेला भाग दुकानातच राहतो आणि त्याच्याबरोबर त्यावर छापलेली सूचनाही राहते. ही सूचना शोभेची नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत ‘शेड्यूल जी’ नावाची एक यादी आहे. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही सर्दी-ॲलर्जीची जुनी औषधे त्या यादीत नावानिशी येतात. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे, अशा आशयाचा इशारा त्यांच्या वेष्टनावर असावा, असा नियम आहे. घराघरांतल्या डब्यात पडलेल्या गोळीसाठी इतका कडक इशारा का, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

सुरुवात एका बुरशीपासून होते. राय या धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट नावाच्या बुरशीचा अभ्यास चालू असताना लंडनमधील वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांच्या हाती एक पदार्थ आला. १९१० मध्ये त्यांनी त्याच्या परिणामांचे वर्णन प्रसिद्ध केले. तो टोचल्यावर प्राण्याच्या श्वासनलिका आवळत, रक्तवाहिन्या सैल पडत आणि रक्तदाब कोसळे. हा पदार्थ प्राण्यांच्या ऊतींमध्येच असतो, हे पुढे निश्चित झाले. त्याचे नावही ‘ऊती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलेले आहे: हिस्टामिन. शिंका, नाकातले पाणी, अंगावरच्या गांधी, डोळ्यांची खाज या सर्वांमागे तो असतो. शरीर परागकण किंवा धुळीला शत्रू समजले की हिस्टामिन सुटते.

मग त्याला अडवणारे औषध शोधणे ओघानेच आले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे आणि त्यांची तरुण सहकारी ॲन-मारी स्टॉब यांनी १९३७ मध्ये गिनीपिगांवर पहिले यश मिळवले. हिस्टामिनची मारक मात्रा टोचूनही ते प्राणी वाचले. मात्र वापरलेले रसायन माणसासाठी फार विषारी होते. माणसाला देता येईल असे पहिले औषध, अँटरगन, १९४२ मध्ये युद्धग्रस्त फ्रान्समध्येच आले. १९५७ चे नोबेल पारितोषिक बोव्हे यांना मिळाले. स्टॉब यांचे नाव आज वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसते. प्रयोगशाळांच्या इतिहासात हे नवीन नाही.

अटलांटिकपलीकडे सिनसिनाटीत जॉर्ज रिव्हेशल हे रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच शोधात होते. त्यांना स्नायूंची आकडी सैल करणारे औषध हवे होते. १९४३ मध्ये त्यांच्या हाती आले ते डायफेनहायड्रामिन. पार्क-डेव्हिस कंपनीने ते १९४६ पासून बेनाड्रिल या नावाने विकले. आपल्याकडे हे नाव खोकल्याच्या सरबतामुळे घरोघरी पोहोचले. औषध ॲलर्जीवर चालत होते; पण जवळजवळ प्रत्येक रुग्ण एक तक्रार करी: झोप येते.

याच रसायनाच्या कुटुंबातून एक गमतीदार शोध लागला. १९४७ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका गर्भवती स्त्रीला अंगावरच्या गांधींसाठी नवे औषध देण्यात आले. ट्राममध्ये बसले की तिला नेहमी मळमळे. औषध चालू असताना ती थांबली. डॉक्टरांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. त्याच वर्षी सैनिकांनी भरलेल्या एका जहाजावर त्याची चाचणी झाली आणि ड्रामामिन ही प्रवासातल्या उलटीची गोळी जन्माला आली. त्यात डायफेनहायड्रामिनला कॅफिनच्या नात्यातले एक रसायन जोडलेले आहे. गुंगी थोडी उतरावी हा त्यामागचा हेतू. एस.टी.ने जव्हार-मोखाड्याची वळणे चढण्यापूर्वी आया मुलांना जी ॲव्होमिनची गोळी देत आल्या, तिच्यात प्रोमेथाझिनला तेच रसायन जोडलेले असते. गुंगी मात्र दोन्हींत उरलीच.

आता मुख्य पात्र. अमेरिकेतील शेरिंग कंपनी मूळ जर्मन. युद्धात अमेरिकी सरकारने ती शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली होती. तिच्या रसायनशास्त्रज्ञांनी फेनिरामिन तयार केले; भारतात हेच औषध हेक्स्टच्या एव्हिलमुळे ओळखले जाते. मग त्याच रेणूवर क्लोरीनचा एक अणू बसवला. फरक इतका मोठा पडला, की जिथे २५ मिलिग्रॅम लागत तिथे ४ मिलिग्रॅम पुरू लागले. हे क्लोरफेनिरामिन १९४९ मध्ये बाजारात आले. आज भारतात सर्दीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या असंख्य मिश्रणांत, गोळी असो वा सरबत, ते कुठेतरी असतेच. औषधाच्या दुकानात त्याचे लघुरूप ‘सीपीएम’.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सर्दी हा विषाणूंचा आजार, ॲलर्जी नव्हे. मग ॲलर्जीचे औषध सर्दीच्या गोळीत आले कसे?

ते जाहिरातीच्या दारातून आले. १९४९-५० मध्ये अमेरिकेत एक लाटच उसळली. पहिल्या शिंकेलाच अँटिहिस्टामिन घ्या, सर्दी तिथेच थांबेल, असा प्रचार झाला आणि गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागल्या. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने या दाव्याची रीतसर चाचणी घेतली: काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. १९५० मध्ये निष्कर्ष आला, की सर्दी रोखण्यात किंवा बरी करण्यात या औषधाचा उपयोग नाही. नंतरच्या अभ्यासांनीही फारसे वेगळे सांगितलेले नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत किंचित आराम मिळतो, त्यापुढे नाही. नाक थोडे कोरडे पडते, पण ते बहुधा हिस्टामिन अडल्यामुळे नव्हे. ही जुनी औषधे ॲसिटिलकोलिन या दुसऱ्याच संदेशवाहकालाही अडवतात आणि त्यामुळे सगळीच स्रवणे आटतात: नाक, तोंड, डोळे. त्याच गुणामुळे लघवी अडते आणि बद्धकोष्ठ होतो. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना सर्दीच्या गोळीनंतर रात्री लघवी पूर्ण अडून रुग्णालयात न्यावे लागते, त्याचे कारण हेच. काचबिंदूच्या काही रुग्णांत डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

बोईसर परिसरापुरता एक मुद्दा येथे जोडणे भाग आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रे ठरवली, तेव्हा तारापूर त्या यादीत होते. २०१८ च्या मूल्यांकनात तर ते पहिल्या क्रमांकावर गेले. सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले, ती लढाई वेगळ्या थ्रेडचा विषय आहे. येथे एवढेच, की रासायनिक वायूच्या झोंबण्याने वाहणारे नाक आणि ॲलर्जीने वाहणारे नाक सारखे दिसले तरी सारखे नसते. पहिल्यात हिस्टामिनचा वाटा कमी, म्हणून गोळीचा उपयोगही कमी. अशा वेळी दुसरी गोळी घेतल्याने नाक थांबत नाही, गुंगी मात्र दुप्पट होते.

गुंगीकडे वळू. तिचा सर्वांत दूरगामी परिणाम प्रोमेथाझिनमधून झाला आणि त्याची एक वाट थेट कोकणात येते.

आंरी लाबोरी हे फ्रेंच नौदलाचे शल्यचिकित्सक. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने रुग्ण दगावू नयेत म्हणून ते प्रोमेथाझिन वापरून पाहत होते. औषध घेतलेले रुग्ण केवळ पेंगत नव्हते. ते विलक्षण शांत, आसपासच्या घडामोडींपासून अलिप्त दिसत. लाबोरींनी त्याच धर्तीचे, पण मेंदूवर अधिक काम करणारे रसायन मागितले. रोन-पुलेंक कंपनीने ते डिसेंबर १९५० मध्ये तयार केले: क्लोरप्रोमाझिन. १९५२ मध्ये पॅरिसच्या मनोरुग्णालयात त्याचा वापर सुरू झाला आणि मानसोपचाराचे स्वरूप पालटले. सर्दी-ॲलर्जीच्या औषधाचा भाऊ मनोविकारांच्या वॉर्डात पोहोचला, तो गुंगीचे बोट धरून.

लाबोरींच्या पद्धतीतून प्रोमेथाझिन, क्लोरप्रोमाझिन आणि पेथिडिन यांचे मिश्रण जगभर गेले. त्याला ‘लिटिक कॉकटेल’ म्हणत. भारतात ते विंचूदंशावरही दिले जाऊ लागले. कोकणातला लाल विंचू किती जीवघेणा असतो हे येथील माणसाला सांगायला नको. १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा अशा रुग्णांना अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड आणि असली मिश्रणे देण्याची रीत होती. तरीही रुग्ण फुप्फुसांत पाणी भरून मरत. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विंचवाचे विष ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणते आणि हृदय त्याखाली दबते, असे त्यांनी मांडले. हिस्टामिन हा येथे मुख्य गुन्हेगारच नव्हता. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हा इतिहास पालघरच्या पाड्यांवर आजही कामाचा आहे. साप चावला, विंचू चावला, की ‘एव्हिलचे इंजेक्शन मारून घ्या’ हा सल्ला अजून ऐकू येतो. सापाच्या विषाचा उतारा म्हणजे प्रतिविष. विंचवासाठी प्राझोसिन, आणि उपलब्ध असल्यास त्याचेही प्रतिविष. एखाद्याला मधमाशीने किंवा औषधाने तीव्र ॲलर्जी होऊन घसा सुजला, श्वास कोंडला, भोवळ आली, तर पहिले औषध ॲड्रेनॅलिन. गोळी गिळून वाट पाहण्यात गेलेली वीस मिनिटे परत मिळत नाहीत.

गुंगी येते तरी का? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पेशींचा एक लहानसा गट आहे. तो हिस्टामिन सोडतो आणि मेंदूला जागे ठेवतो. नाकात शिंक आणणारे तेच रसायन डोक्यात पहारेकरी आहे. जुनी औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि पहारेकऱ्यालाही झोपवतात. न शिरणारे औषध सापडले ते पुन्हा अपघातानेच. १९७०च्या दशकात मनःशांतीचे औषध म्हणून तयार केलेले टर्फेनाडिन मेंदूपर्यंत पोहोचतच नाही असे आढळले. ते बिनगुंगीचे म्हणून जगभर गाजले. मग कळले, की काही प्रतिजैविके व बुरशीनाशके सोबत घेतली तर ते हृदयाची लय बिघडवते. १९९०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत ते मागे घेतले गेले आणि त्याची जागा त्याच्याच शरीरात तयार होणाऱ्या रूपाने, फेक्सोफेनाडिनने, घेतली. सेटिरिझिन आणि लोरॅटाडिन याच पिढीतली. सेटिरिझिन मात्र पूर्ण बिनगुंगीचे नाही; काहींना त्यानेही पेंग येते. रोजच्या ॲलर्जीसाठी आज डॉक्टर याच नव्या गोळ्या आधी सुचवतात. जुन्या गोळ्या टिकून आहेत त्या स्वस्ताईमुळे आणि सवयीमुळे.

स्वस्ताईचा इतिहास घडला तो आपल्याच जिल्ह्यांत. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये चालू झाले आणि त्याच्या मागोमाग १९७०च्या दशकात बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. त्याच सुमारास १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या रेणूवर नव्हे, केवळ तो बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याची तरतूद त्यात होती. १९७५ मध्ये हाथी समितीने देशी औषधनिर्मितीला बळ द्या असे सुचवले. सर्व श्रेय या कायद्याला देण्याची पद्धत आहे. ती थोडी उतावळी वाटते. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या रेणूंना पेटंटची अडचण अशीही फार काळ नव्हती. कायद्याने घडवली ती माणसे आणि कारखाने: प्रक्रिया जाणणारे रसायनशास्त्रज्ञ, रिॲक्टर चालवणारे कामगार, लहान-मोठे उत्पादक. तारापूर, महाड, लोटे-परशुराम ही साखळी त्यातून तयार झाली. आज क्लोरफेनिरामिन निर्यात करणाऱ्या प्रमुख भारतीय कंपन्यांपैकी एक, सुप्रिया लाइफसायन्स, खेडजवळच्या लोटे-परशुराम येथे आहे. म्हणजे बाहेर देशातल्या एखाद्याच्या सर्दीच्या गोळीतले मूळ द्रव्य कोकणातून गेलेले असू शकते.

मुलांच्या बाबतीत हा इतिहास अधिक कठोर आहे. लहान मुलाला ही औषधे कधी गाढ गुंगी आणतात, कधी उलट चिडचिड, थयथयाट आणि झटके. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाले, म्हणून त्या वयात ते वर्ज्य आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, तशी सूचना वेष्टनावर छापावी, असे आदेश दिले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात ज्या सरबताने मुले दगावली, त्याच्या लेबलवर हीच दोन नावे पॅरासिटॅमॉलसह होती. मुलांचा जीव घेतला तो या औषधांनी नव्हे, तर त्यात मिसळलेल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषाने. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. महाराष्ट्राला हे विष नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरिनने १४ रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन आयोग बसला, तेव्हाही हेच रसायन होते. पण एक प्रश्न उरतोच: इतक्या लहान मुलांच्या साध्या सर्दीला या सरबताची गरज होती का? सर्दीबाबत १९५० चे उत्तर वर आलेले आहे. मूल रात्री झोपावे म्हणून असे सरबत पाजणे तर कोणत्याही वयात चुकीचे.

मोठ्यांच्या झोपेचेही असेच आहे. या गोळ्या झोपेसाठी विकल्या जातात, पण शरीर त्यांना लवकर सरावते. २००२ च्या एका प्रयोगात डायफेनहायड्रामिन रोज घेणाऱ्यांची गुंगी चौथ्या दिवसापर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. तोंड कोरडे पडणे, डोके जड राहणे हे मात्र तसे सरत नाही. अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये निद्रानाशासाठी डायफेनहायड्रामिन वापरू नये, अशी शिफारस केली. वृद्धांना कोणती औषधे टाळावीत याची ‘बिअर्स यादी’ १९९१ पासून प्रसिद्ध आहे. ही जुनी अँटिहिस्टामिने तिच्यात आहेत. गोंधळलेपण, पडणे, हाड मोडणे ही त्यामागची कारणे.

जुनी गोळी घ्यावीच लागली, तर हिशेब सोपा आहे. प्रौढासाठी क्लोरफेनिरामिन एका वेळी ४ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर, दिवसभरात २४ मिलिग्रॅमच्या वर नाही. वृद्धांत १२ च्या वर नाही. ‘कोल्ड’ नावाच्या गोळीत, खोकल्याच्या सरबतात आणि एव्हिलमध्ये एकाच जातीची औषधे असतात. तिन्ही एकदम घेणे म्हणजे तिप्पट गुंगी. ताडी, दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य वेदनाशामक यांच्यासोबत ती नकोच. गर्भवती व स्तनदा मातांनी, प्रोस्टेट वा काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळ्या कापून घेतल्या, तर निदान दुकानदाराकडून नाव लिहून घ्यावे.

आणि गाडी चालवणे? २००० मध्ये आयोवा विद्यापीठाच्या कृत्रिम गाडीवर एक तुलना झाली. डायफेनहायड्रामिनची एक मात्रा घेतलेले चालक मद्य प्यायलेल्यांपेक्षाही वाईट चालवत होते. त्याहून महत्त्वाचे असे, की ‘मला झोप येत नाही’ असे सांगणाऱ्याचे नियंत्रणही सुटलेलेच होते. स्वतःला वाटणारी जाग ही खात्रीची खूण ठरली नाही.

क्लोरफेनिरामिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला प्रौढात साधारण वीस तास लागतात. रात्री दहा वाजता गोळी घेऊन झोपलेला कामगार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पालघर-बोईसर रस्त्यावर दुचाकीने कामाला निघतो, तेव्हा आदल्या रात्रीची अर्धी गोळी अजून त्याच्या अंगात असते.